पाठदुखी, मानदुखी आणि वजनकाटा : अडलेल्या कामांचा दोष वजनाला किती द्यावा?

वेदगंगाकाठ, निपाणी (धागाकर्ता)

आपल्या भागात पाठदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात गेले, की रुग्णाला प्रथम वजनकाट्यावर उभे करतात आणि आकडा थोडा जास्त दिसला, की पुढचे बोलणे बहुधा तिथेच संपते. ‘आधी वजन उतरवा, मग बघू’ हा सल्ला कंबरेला, पाठीला आणि मानेलाही सारखाच मिळतो. सल्ला खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे भार आणि तरफ यांचा संबंध मला नाकारता येणार नाही. माझी अडचण निराळी आहे. तंबाखूच्या वखारीत राबलेल्या आणि घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यांच्यातील बऱ्याच जणी अंगाने किरकोळ असतात आणि तरीही चाळिशीच्या आतच त्यांची मान आणि खांदे धरतात. उलट पेठेत गादीवर बसणारे, पोट चांगलेच सुटलेले काही व्यापारी साठीनंतरही कुरकुर न करता दिवसभर दुकान सांभाळतात.

म्हणून जाणकारांपुढे तीन प्रश्न ठेवतो. वजनामुळे दुखणे सुरू होते, की इतर कारणाने सुरू झालेले दुखणे वजनदार माणसाला अधिक जायबंदी करते? पाठीचा हिशेब मानेलाही लागू होतो काय? आणि वजन उतरवले तर अडलेली कामे पुन्हा जमू लागतात काय? तेल, लेप आणि पट्टे यांच्या जाहिराती या धाग्यावर कृपया नकोत. अनुभव जरूर सांगावा, पण त्यामागे कोणते कारण दिसते तेही लिहावे.

फिजिओ, टिळकवाडी

सर, आपल्या पहिल्याच प्रश्नात अर्धे उत्तर आलेले आहे, कारण दुखते किती आणि दुखण्यामुळे कामे अडली किती, या दोन गोष्टी आम्ही वेगवेगळ्या मोजतो. कंबरेसाठी ऑस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली १९८० पासून वापरात आहे. तिच्यात दहा विभाग असतात: दुखण्याची तीव्रता, अंघोळ आणि कपडे यांसारखी स्वतःची कामे, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, लैंगिक जीवन, लोकांत मिसळणे आणि प्रवास. प्रत्येक विभागाला ० ते ५ गुण, एकूण ५०, आणि मिळालेल्या गुणांची दुप्पट म्हणजे अक्षमतेची टक्केवारी. २० टक्क्यांपर्यंतची अक्षमता किरकोळ, ४० पर्यंतची मध्यम आणि ६० पर्यंतची तीव्र समजतात. त्यापुढे माणसाचे जवळजवळ सगळेच व्यवहार अडतात. मानेसाठी त्याच धर्तीवर १९९१ मध्ये दुसरी प्रश्नावली आली. तिच्यात चालणे आणि उभे राहणे नाही. त्याऐवजी वाचन, डोकेदुखी, एकाग्रता, वाहन चालवणे असे विभाग आहेत. आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे जाताना हा फरक लक्षात ठेवावा.

दहापैकी सहा एवढेच दुखणे सांगणारे दोन रुग्ण समोर असले, तर वजनदार रुग्णाचे गुण चालणे, उभे राहणे आणि उचलणे या विभागांत बहुतेक वेळा जास्त भरतात. यामागे तीन कारणे एकत्र असतात. पहिले तरफेचे आहे. पाठ ताठ ठेवणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतात. समजा, पोटावर दहा किलो चरबी जास्त आहे आणि तिचा भार मणक्याच्या वीस सेंटिमीटर पुढे पडतो, तर तिला तोलण्यासाठी या स्नायूंना चाळीस किलोंएवढी ओढ द्यावी लागते आणि मणक्यावरचा भार दहाने नव्हे, पन्नास किलोंनी वाढतो. हे गणित ढोबळ आहे, कारण पोटाचे स्नायू आणि पोटातला दाब काही भार वाटून घेतात. तरीही फार वेळ उभे राहिल्यावर कंबर का भरून येते, ते यावरून समजते.

दुसरे कारण काट्यावर दिसत नाही. पोटाच्या आतली चरबी निष्क्रिय नसते. तिच्यातून सूज वाढवणारी रसायने सतत थोडीथोडी रक्तात मिसळत राहतात आणि त्यामुळे दुखण्याची जाणीव तीव्र होते, असे मानण्यास चांगला आधार आहे. तिसरे कारण मला रोज दिसते आणि माझ्या मते तेच सर्वांत बलवान आहे. दुखते म्हणून माणूस हालचाल कमी करतो, त्यामुळे स्नायू दुबळे होतात आणि वजन वाढते, मग थोडे चालले तरी धाप लागते आणि ‘आता आपल्याच्याने होणार नाही’ ही भीती मनात घर करते. अशा रुग्णाची अक्षमता केवळ किलोंवरून समजत नाही.

उद्यमबाग

मॅडमचे तरफेचे गणित मान्य आहे, पण आमच्या फाउंड्रीत ते उलटे लागू होताना दिसते. मोल्डिंगवर काम करणारी पोरे सडपातळ आहेत. साचे उचलणे, वाकून वाळू ठोकणे, ओतकामाला लॅडल (वितळलेल्या धातूचा पळा) धरणे आणि नंतर कास्टिंग उचलून फेटलिंगला (घासून साफ करायला) नेणे, हे आठ तास चालते. कंबर धरली म्हणून रजा घेणारे बहुतेक त्यांच्यातलेच असतात. कार्यालयात बसणाऱ्यांची पोटे सुटली आहेत, पण त्या कारणासाठी त्यांची रजा क्वचितच येते. मग वजनाला दोष द्यायचा, की कामाला?

फिजिओ, टिळकवाडी

आपल्या पोरांच्या बाबतीत कामालाच द्यायचा. जर्मनीतील उल्म येथे एका निरोगी स्वयंसेवकाच्या कंबरेच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत दाबमापक बसवून केलेल्या मोजण्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. नुसते उभे राहिल्यावर दाब साधारण ०.५ मेगापास्कल होता. पाठीतून वाकून २० किलो उचलले तेव्हा तो २.३ पर्यंत गेला, आणि तेच ओझे गुडघे वाकवून, अंगालगत धरून उचलले तेव्हा १.७ भरला. मोजणी एकाच माणसावर झालेली आहे, त्यामुळे नेमके आकडे सर्वांना लावता येणार नाहीत, पण दाब कोणत्या बाजूला जातो हे स्पष्ट दिसते. फाउंड्रीतला हडकुळा मुलगा दिवसातून कितीतरी वेळा तो मोठा दाब सोसतो. कार्यालयातला जाड माणूस लहान दाब दिवसभर सोसतो.

रजेवरून मात्र निष्कर्ष काढताना जपावे. कार्यालयातल्या माणसाची कंबर दुखत असली तरी त्याला खुर्चीत बसून काम करता येते, म्हणून त्याची रजा दिसत नाही. मोल्डिंगवाल्याला तेवढ्याच दुखण्यात काम अशक्य होते. अक्षमता माणसाच्या शरीराइतकीच त्याच्या कामाच्या मागणीवरही ठरते.

आकडेमोड, बेळगाव

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, संख्याशास्त्र शिकवतो. त्यामुळे आकड्यांपुरतेच लिहितो.

जागतिक रोगभाराच्या अभ्यासानुसार २०२० मध्ये जगात कंबरदुखीचे ६१.९ कोटी रुग्ण होते आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. मानदुखीचे रुग्ण त्याच वर्षी सुमारे २०.३ कोटी होते. कंबरदुखीमुळे अक्षमतेत गेलेल्या वर्षांपैकी सुमारे ३९ टक्के वाटा कामातील शारीरिक ताण, धूम्रपान आणि वाढलेले वजन या तीन कारणांना मिळून जातो, आणि त्यांत पहिला क्रमांक कामातील ताणाचा आहे. म्हणजे उद्यमबागकर आणि मॅडम दोघेही बरोबर आहेत, फक्त वाटे सारखे नाहीत. मानदुखीच्या बाबतीत वजनाचा असा वाटा त्या गणितात धरलेलाच नाही, ही गोष्ट दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने बोलकी आहे.

आता ‘वजनामुळे दुखते की दुखण्यामुळे अधिक अडते’ याकडे येतो. ३३ अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात लठ्ठ व्यक्तींना वर्षभरात कंबरदुखी झालेली असण्याची शक्यता सामान्य वजनाच्या लोकांच्या १.३३ पट, दीर्घकाळ टिकणाऱ्या कंबरदुखीची १.४३ पट आणि कंबरेसाठी उपचार घ्यावे लागण्याची १.५६ पट आढळली. ही ‘पट’ संख्याशास्त्रातील ऑड्सची (होणे आणि न होणे यांच्या गुणोत्तराची) आहे, थेट टक्केवारीची नाही. तरीही क्रम पाहावा: कधीतरी दुखणे, टिकून दुखणे, उपचार घेण्याइतके अडणे, अशा चढत्या क्रमाने वजनाशी असलेला संबंध घट्ट होत जातो. सरांच्या प्रश्नातला दुसरा पर्याय अधिक खरा ठरतो, तो यामुळे.

मात्र संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे होत नाही. दुखणाऱ्या माणसाचे वजन वाढते हे मॅडमनी सांगितलेच आहे, म्हणजे बाण दोन्ही दिशांनी जातो. शिवाय घरातली आनुवंशिकता, लहानपणचे खाणेपिणे, गरिबी, कामाचा प्रकार या गोष्टी वजनावरही परिणाम करतात आणि पाठीवरही. हे वेगळे काढण्याची एक सुंदर पद्धत म्हणजे जुळ्यांचा अभ्यास. एकाच अंड्यापासून जन्मलेली, पण वजनात बराच फरक असलेली जुळी घेतली, तर आनुवंशिकता आणि बालपण दोन्ही आपोआप सारखी होतात. अशा तुलनेत वजन आणि कंबरदुखी यांचा संबंध बराच क्षीण होतो, काही अभ्यासांत तो जवळजवळ नाहीसा होतो. फिनलंडमधील अशा जुळ्यांच्या मणक्यांचे चित्रण पाहिले, तेव्हा जड भावाच्या चकत्या हलक्या भावापेक्षा अधिक झिजलेल्या आढळल्या नाहीत. ‘वजनाने मणके झिजतात’ हे वाक्य आपण जितक्या सहज बोलतो, तितका त्याला आधार नाही.

आणखी एक. काट्यावरचा आकडा उंचीशिवाय निरर्थक आहे. किलोतले वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग, हे सूत्र एकोणिसाव्या शतकात केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने मांडले, तेही लोकसमूहांच्या वर्णनासाठी. जागतिक मापात २५ पुढे अतिवजन आणि ३० पुढे लठ्ठपणा धरतात; भारतीयांत कमी वजनालाच पोटाची चरबी आणि मधुमेह दिसतो म्हणून आपल्याकडे २३ आणि २५ या मर्यादा सुचवल्या गेल्या. पाच फूट तीन इंच, म्हणजे १.६० मीटर उंचीच्या माणसाचे वजन ६४ किलो असेल, तर तो नेमका २५ वर येतो. परंतु तेवढ्याच उंचीचा मोल्डर आणि दुकानदार दोघेही ६४ किलोंचे असले, तर एकाचे वजन दंडात आणि मांडीत असेल, दुसऱ्याचे पोटात. म्हणून कंबरेचा घेर मोजणे अधिक उपयोगी: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक समजतात. शिंप्याची फीत पुरेशी आहे. ती बेंबीच्या आसपास, श्वास सोडून लावावी, आणि पोट आत ओढू नये. पोट आत ओढण्याचा मोह शिकलेल्यांनाही आवरत नाही, असा अनुभव आहे.

मलप्रभाकाठची, खानापूर

मी खानापूर तालुक्यात आरोग्याच्या कामानिमित्त गावोगाव फिरते. आमच्याकडे प्रश्न नेमका उलटा आहे, आणि या चर्चेत तो मागे पडू नये म्हणून लिहिते. भातलावणीत चिखलात वाकून काम करणाऱ्या आणि जंगलातून सरपणाचा भारा डोक्यावर आणणाऱ्या बायकांचे वजन चाळीस-पंचेचाळीस किलोंच्या आसपास असते. त्यांना ‘वजन उतरवा’ म्हणायला जागाच नाही, म्हणून त्यांची पाठदुखी ‘कामामुळे आहे, विश्रांती घ्या’ एवढ्यावर सोडून दिली जाते.

कृश माणसाच्या पाठदुखीत दोन गोष्टी तपासायलाच हव्यात. वजन आपोआप घटत असेल, संध्याकाळी अंग कसकसत असेल, भूक मेली असेल आणि पाठ रात्री झोपेतही ठणकत असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी झाली पाहिजे. क्षय फक्त फुप्फुसांत होतो असा आमच्याकडे मोठा समज आहे. खोकला नाही म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही आणि मणका खचल्यावर पाय लुळे पडतात. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा एक हजार रुपये खात्यात जमा होतात. दुसरी गोष्ट पाळी गेलेल्या, अंगाने बारीक असलेल्या बायकांची: त्यांची हाडे ठिसूळ झालेली असू शकतात आणि घागर उचलण्यासारख्या साध्या कारणानेही मणका दबतो. अशा बाईला कोणीतरी ‘तुमचे वजन छान आहे, पाठीचा प्रश्न नको’ म्हणून परत पाठवले, की मला फार राग येतो.

जाड असो वा बारीक, लघवी अडणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे किंवा पायातील ताकद झपाट्याने कमी होणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात गेले पाहिजे. हे दुखणे व्यायामासाठी थांबत नाही.

शहापूरचा माग

मी यंत्रमागावर काम करतो. माझे वजन आकडेमोड सरांच्या सूत्रात २२ भरते. कंबर ठीक आहे, मान मात्र गेली. दिवसभर मागापुढे उभे राहून डोळे पातळावर, तुटलेला धागा दिसला की वाकून जोडायचा, आणि आवाज इतका की शेजाऱ्याशी बोलायचे तरी मान वळवून त्याच्या तोंडाजवळ न्यावी लागते. आता रात्री उशीवर मान ठेवता येत नाही आणि हाताला मुंग्या येतात. वजनाचा आणि मानेचा संबंध नसेल, तर माझ्यासारख्याने काय समजायचे?

आणखी एक विचारतो. तपासणीत माझ्या कागदावर ४६ टक्के लिहिले आहे. चाळीसच्या वर असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळते, असे गल्लीत सगळे सांगतात. अर्ज करावा काय?

फिजिओ, टिळकवाडी

दादा, मानेबद्दल आधी. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते आणि ते जाड माणसाचेही जवळजवळ तेवढेच असते. पोटाची चरबी कंबरेपुढे येऊन बसते, तशी मानेपुढे काही बसत नाही. म्हणून मानेच्या बाबतीत तरफेचे कारण गौण ठरते आणि मान किती वेळ एकाच कोनात राहते, हात किती वेळ उचललेले असतात, झोप कशी आहे, मनावर ताण किती आहे, याला जास्त महत्त्व येते. आपल्या मागाचे काम आणि निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बायकांचे काम यांत या दृष्टीने फारसा फरक नाही: नजर खाली, खांदे पुढे, बोटे सतत चालू. हाताला मुंग्या येतात म्हणून मज्जातंतूची तपासणी करून घ्यावी. बोटांची पकड ढिली वाटू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर मुळीच थांबू नये.

आकडेमोड, बेळगाव

प्रमाणपत्राबद्दल मी लिहितो, कारण घोटाळा टक्क्यांचा आहे. आपल्या कागदावरचे ४६ हे प्रश्नावलीचे गुण आहेत. आपण स्वतः दिलेल्या उत्तरांवरून ते काढलेले आहेत आणि उपचारांनी ते दोन महिन्यांत २० वरही येऊ शकतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे नोंदवलेली आहेत आणि आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. ते टक्के ठरवून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नियुक्त वैद्यकीय अधिकारी काढतात: सांध्यांची हालचाल किती उरली, स्नायूंची ताकद किती, कायमचे नुकसान कोणते, यावरून. नुसती पाठदुखी किंवा मानदुखी त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. मणक्याच्या आजाराने पाय किंवा हात कायमचे दुबळे झाले असतील, तर प्रकरण चलनक्षमतेच्या दिव्यांगत्वात येऊ शकते. दोन्हीकडे ‘चाळीस’ हा आकडा येतो हा निव्वळ योगायोग आहे, आणि त्या योगायोगापायी कितीतरी लोक कामाचा दिवस बुडवून रांगेत उभे राहतात.

तवंदी घाट

मी पुणे-बेंगळूर मार्गावर ट्रक चालवतो. वजन ९४ किलो, उंची साडेपाच फूट. माझी कंबरही दुखते आणि मानही. मानेचा वजनाशी संबंध नाही म्हणता, पण माझे वजन वाढले त्याच वर्षांत मान धरली. आरशात बघायला मान वळत नाही, अख्खे अंग वळवावे लागते. रात्री घोरतो इतका की क्लिनर केबिनमध्ये झोपत नाही.

फिजिओ, टिळकवाडी

संबंध नाही असे नाही, तो आडमार्गाने येतो आणि आपण तो मार्ग शेवटच्या वाक्यात लिहिला आहे. वजन वाढले की गळ्याभोवतीही चरबी जमते, झोपेत श्वासमार्ग दबतो, श्वास मधूनमधून थांबतो आणि झोप तुटत राहते. मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त, मोठे घोरणे, उठल्यावर डोके जड आणि दिवसा पेंग, अशी लक्षणे असतील तर झोपेची तपासणी करतात. तुटक्या झोपेने दुखण्याची सोशिकता घटते. त्याच मानेचे तेच दुखणे दुप्पट वाटू लागते. आपल्या बाबतीत हे मानेपेक्षाही गंभीर आहे, कारण स्टिअरिंगवर डुलकी लागली तर पुढचे सांगायला नको. ट्रकचा थरथराट आणि तासन्‌तास बसणे कंबरेला स्वतंत्रपणे त्रास देतात. प्रथम छातीविकाराच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. मानेचे व्यायाम त्यानंतर.

हिरण्यकेशी, संकेश्वर

सरांचा तिसरा प्रश्न बाजूला राहिला. आमच्या घरात मंडळींना कंबरदुखीसाठी सहा किलो वजन उतरवायला सांगितले. ज्वारीची भाकरी बंद करून डब्यातले महागडे पीठ आणले, संध्याकाळी फक्त काकडी. वजन दोन किलो उतरले आणि जिद्द संपली. पुढे शेजारणींबरोबर सकाळी फिरायला जाऊ लागल्या, भाकरी पुन्हा सुरू झाली, वजन आहे तिथेच आहे, पण आता बाजारातून पिशवी घेऊन चालत घरी येतात, जे पूर्वी होत नव्हते. हे कसे जमले, ते जाणकारांनी सांगावे. ऊसतोडीच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या बायकांना मात्र कोणी फिरायला जा म्हणू नये, ही माझी पदरची सूचना.

आकडेमोड, बेळगाव

यासाठी दोन चाचण्यांचा आधार देता येतो, दोन्ही ऑस्ट्रेलियातल्या. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ प्रौढांवर केलेली एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना हळूहळू वाढत जाणारा चालण्याचा कार्यक्रम आणि समजावणी दिली, उरलेल्यांना काही दिले नाही. दुखणे पुन्हा उपटेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या लोकांनी ओलांडलेला) चालणाऱ्यांत २०८ दिवस, तर इतरांत ११२ दिवस भरला. दुसरी चाचणी जुनी कंबरदुखी असलेल्या आणि जास्त वजन, निकस आहार, अपुरी हालचाल किंवा धूम्रपान यांपैकी निदान एक गोष्ट असलेल्या लोकांवर झाली. त्यांना वजन, आहार, झोप, हालचाल यांबाबत एकत्रित मार्गदर्शन मिळाले. दोन गटांतील वजनाचा फरक दोन किलोंच्याही आत राहिला, तरी अक्षमतेच्या मोजणीत सुधारणा दिसली. ती लहान होती, पण होती. एवढ्याशा वजनाने मणक्यावरचा भार किती कमी होणार? माझ्या समजुतीप्रमाणे लाभ किलोंचा नसून किलो उतरवण्यासाठी ज्या गोष्टी केल्या त्यांचा असावा.

जठराची शस्त्रक्रिया करून ज्यांचे वजन मोठ्या प्रमाणात उतरते, त्यांच्यात कंबरेचे दुखणे आणि अक्षमता घटल्याचे अनेक अहवाल आहेत. पण त्यांतील पुष्कळ अहवालांत तुलनेचा गट नाही, शिवाय तेवढे वजन उतरलेला माणूस आपोआपच अधिक हिंडूफिरू लागतो. म्हणून तो पुरावा मी हात राखूनच वाचतो.

फिजिओ, टिळकवाडी

हिरण्यकेशी काका, भाकरीला दोषी धरण्याचे काहीच कारण नव्हते. वजन उतरवू नये असे मी कोणालाही सांगणार नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, झोप या सगळ्यांसाठी ते हिताचे आहे. परंतु पाठीचा उपचार वजन उतरेपर्यंत लांबणीवर टाकणे मला मुळीच पटत नाही. रुग्ण सहा महिने काट्याकडे बघत बसतो, आकडा हलत नाही, आणि त्या काळात स्नायू आणखी दुबळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत रुग्णाला आजार नीट समजावून सांगणे, व्यायाम, मालिश, मनाच्या पातळीवरची मदत आणि गरजेप्रमाणे सूज कमी करणारी औषधे यांचा समावेश आहे. कंबरेचे पट्टे, वजने लावून ओढ देणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असे म्हटले आहे. पट्ट्यांची दुकाने आपल्या गावात किती आहेत ते सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे या वाक्यावर मला बोलणी खावी लागतील.

ऊसतोडीच्या बायकांबद्दलची सूचना अगदी योग्य. त्यांना चालणे पुरेसे घडते. त्यांना हवा आहे तो कमी वजनाचा भारा, भाऱ्यामागे थोडी उसंत, आणि रुंद, कमी उताराची फळी. हे व्यायामाने मिळत नाही, टोळीच्या मुकादमाशी बोलून मिळते. उद्यमबागकरांनाही तेच सांगेन: साचे गुडघ्याच्या खालून उचलण्याऐवजी कंबरेच्या उंचीच्या टेबलावर ठेवायची सोय झाली, तर एका पोरालाही जेवण कमी करायला न सांगता रजा घटतील.

उद्यमबाग

टेबलाची सूचना मालकापुढे ठेवतो. दोन ठिकाणी रोलरची पट्टी बसवणे शक्य आहे, खर्चही फार नाही. पोरे मात्र म्हणतील, त्याने वेग कमी होतो.

वेदगंगाकाठ, निपाणी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. तीनही प्रश्नांची उत्तरे मिळाली, आणि चौथा, कृश माणसांचा, जो मी विचारलाच नव्हता, त्याचेही मिळाले. ते आमच्या गल्लीतील बायकांना वाचून दाखवणार आहे.

मॅडमना एकच विचारतो. ऑस्वेस्ट्रीची प्रश्नावली घरी भरता येते काय, आणि किती फरक पडला म्हणजे सुधारणा झाली असे समजावे? लैंगिक जीवनाचा विभाग आमच्या वयाचे लोक कोराच सोडतात, त्याचे काय करावे?

फिजिओ, टिळकवाडी

घरी भरता येते. पाच-दहा मिनिटे लागतात. बायकांना वाचून दाखवताना पर्याय शब्दशः वाचावेत, आपण उत्तर सुचवू नये, कारण आपल्याकडे ‘चालतंय की’ म्हणून सगळे गुण कमी सांगण्याची सवय आहे. सहा आठवड्यांनी पुन्हा भरावी. टक्केवारीचा आकडा साधारण दहाने उतरला (समजा, ४० वरून ३०), तर ती रुग्णाला जाणवेल एवढी सुधारणा समजतात. टक्केवारीत चार-पाचचा फरक दिवसागणिकही पडतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नये. एखादा विभाग कोरा राहिला तर त्याला शून्य धरू नये. नऊच विभाग भरले असतील, तर एकूण ५० ऐवजी ४५ धरून टक्केवारी काढावी: १८ गुण असतील तर ४५ पैकी १८, म्हणजे ४० टक्के. बिडी वळणाऱ्या बायकांसाठी मात्र ही प्रश्नावली नको, मानेची वापरावी. त्यांत वाहन चालवण्याचा विभाग बहुतेकींना लागू होणार नाही, तो याच रीतीने वगळावा.